इंदूरहून मालवणला, पहिल्या डायव्हसाठी : दाबाखालची हवा शरीरात काय करते आणि आपण काय करायचं

दिवाळीनंतर मालवणला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत नेमका प्रश्न विचारला तो मोठ्या आत्यानं. भाचा मोबाइलवर स्कूबाचे व्हिडिओ दाखवत होता, आत्या वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "का रे, एवढं पाणी अंगावर आलं की माणूस चेपत नाही?"

नाही चेपत. आपलं शरीर मुख्यतः पाण्याचं, आणि पाणी दाबून दबत नाही. दबते ती हवा. म्हणजे मधल्या कानातली, सायनसमधली, फुफ्फुसातली, मास्कमधली, कधीकधी नीट न भरलेल्या दाढेतलीसुद्धा. शिवाय दाबाखालची हवा श्वासात घेतली की ती नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात विरघळते. स्कूबातले झाडून सगळे नियम या दोन गोष्टींतून निघतात : पोकळीतली हवा आणि विरघळलेली हवा. पाण्याचा दाब बिचारा निमित्तमात्र.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर आणि एअर लाइन सांभाळतो. समुद्राचा माणूस नव्हे. पण दाबाखालच्या हवेशी रोज गाठ आहे, आणि टाकी पाठीवर घेऊन दोनदा पाण्यात उतरलोय. त्यातल्या एका वेळी चूक केली, ती पुढे सांगतो. भाच्यासाठी जे कागदावर लिहून काढलं तेच इथे थोडं वाढवून देतोय.

आधी घरी : सिरिंज आणि सोडा

औषधाच्या दुकानातून २० मिलिलिटरची, बिनसुईची सिरिंज आणा. दट्ट्या २० पर्यंत मागे ओढा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या १० पर्यंत दाबा. आतली हवा आता दोन वातावरण दाबाखाली आहे, म्हणजे समुद्रात १० मीटर खाली असते तेवढ्या. दट्ट्या सोडा, तो उसळून मागे येतो. ती उसळी हाताला चांगली लक्षात राहू द्या, वर येताना तिच्याशीच गाठ पडायची आहे.

हिशेब सोपा आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर १ वातावरण, मग दर १० मीटरला आणखी एक. १० मीटरवर २, २० वर ३, ३० वर ४. हवेचं आकारमान त्याच्या उलट : निम्मं, एक तृतीयांश, एक चतुर्थांश. रॉबर्ट बॉइलनं हा नियम १६६२ साली मांडला. यात एक मेख आहे. सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो. ३० वरून २० वर येताना हवा फक्त १.३३ पट फुगते, १० वरून वर येताना मात्र दुप्पट. मालवणला नवख्यांना नेतात ते साधारण पाच ते दहा मीटर. "फार खोल नाही हो, काही होत नाही," असं कुणी म्हणालं तर सिरिंज आठवा. आपण इंदूरकर साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो, म्हणजे वर्षभर ०.९४ वातावरणातच. ही उंची परतीच्या प्रवासात हिशेबात धरावी लागते.

दुसरा प्रयोग सोड्याचा. दोन सारख्या बाटल्या घ्या, गोटीच्या नकोत, फिरकीच्या झाकणाच्या. शिकंजी तर नकोच, आपली इंदुरी शिकंजी दुधाची, तिथे काही दिसायचं नाही. एकीचं झाकण झटक्यात उघडा : फस्स, फेस, हात ओले. दुसरीचं हळूहळू, चुर्रर्र आवाज थांबेपर्यंत थांबत थांबत सोडा. बुडबुडे येतात, पण निमूटपणे. दोन्हींत वायू तेवढाच होता. फरक पडला तो दाब किती वेगानं उतरला याचा.

बॉइलनंच १६७० मध्ये निर्वात पंपात ठेवलेल्या विषारी सापाच्या डोळ्यात बुडबुडा हलताना पाहिल्याची नोंद केली होती. दाब उतरल्यावर जिवंत शरीरात बुडबुडा होतो, याची ही बहुधा पहिली लेखी साक्ष. त्याचा अर्थ नीट लागायला पुढे दोनशे वर्षं गेली. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बर्टनं दाखवून दिलं की तो बुडबुडा नायट्रोजनचा असतो. दरम्यान पुलांच्या पायासाठी पाण्याखाली दाबाच्या हवेनं भरलेल्या बंद पेटीत, म्हणजे कैसनमध्ये, काम करून वर आलेले मजूर सांधे धरून वाकत होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्यानं अंथरुणाला खिळला. 'बेंड्स' हे नाव त्या वाकण्यावरून पडलं.

बुकिंगच्या आधी : दोन गोष्टी

पहिली तब्येत. दमा, पूर्वी फुफ्फुस फाटलेलं असणं, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि गरोदर असाल तर विचारायचंही नाही, काठावरच बसायचं. यादीत फुफ्फुस आणि कान आहेत ते यासाठी : वायू जिथे अडकतो तिथे फुगतो. फॉर्मवर सगळ्याला "नाही" लिहून मोकळं व्हायची आपल्याकडे फार हौस. तो फॉर्म आयोजकाच्या बचावासाठी असेलही, पण खरं उत्तर तुमच्या बचावासाठी आहे.

दुसरी गोष्ट परतीचं तिकीट, आणि ती डायव्ह बुक करायच्या आधी ठरवायची. डायव्हनंतर अंगात जादा नायट्रोजन राहतो, तो श्वासावाटे काही तासांत निघून जातो. तो जायच्या आत विमानात बसलात, तर केबिनमधला दाब पाऊण वातावरणाच्या आसपास असतो आणि आपण ती सोड्याची बाटली होतो. रूढ संकेत असा : एकच साधी डायव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग दिवस डायव्ह केल्या तर किमान १८ तास. मी सरळ २४ धरतो, डोक्याला ताप नको. आणखी एक, जे विमानाच्या नादात विसरलं जातं : मालवणहून कोल्हापूर-बेळगावकडे गाडीनं निघालात की घाट लागतो. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. घाट चढणं म्हणजेही उंचीवर जाणंच. त्यामानानं कुडाळहून कोकणकन्येनं मुंबईला जाणं बरं, ती गाडी बहुतेक वाट किनारपट्टीनं धावते.

उतरताना : सगळा खेळ कानाचा

आता माझी चूक. पहिल्या वेळी मला सर्दी होती. नाक चोंदवणारी नव्हे, आपली नेहमीची, इंदूरच्या थंडीतली. मी ती सांगितली नाही, सकाळी गोळी घेतली आणि उतरलो. दोन मीटरवर कानात दडे बसले. तीनवर कुणीतरी कानात जाडी सुई घालतंय असं वाटलं. सोबतच्या मुलानं अंगठा-तर्जनी जुळवून "ठीक?" विचारलं आणि मी भिडेखातर "ठीक" म्हटलं. वर आलो तेव्हा पडदा फाटला नव्हता हे नशीब, पण आठवडाभर डाव्या कानानं लोक जणू घागरीतून बोलत होते.

मधला कान ही हवेची बंद खोली. तिला दार एकच, घशात उघडणारी बारीक नळी. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत ओढला जातो. नळीतून थोडी हवा आत सोडली की तो पुन्हा सरळ होतो. म्हणून :

पाण्यात डोकं जाताच, दुखायच्या आधी, नाक चिमटीत धरून तोंड मिटा आणि हलकेच नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करा. कानात 'टक' वाजलं की झालं. मग दर मीटरला, खरं तर दर अर्ध्या मीटरला, पुन्हा. नुसता आवंढा गिळूनही काहींचं भागतं. 'टक' झालं नाही तर खाली जायचं नाही, अर्धा-एक मीटर वर यायचं आणि पुन्हा करून पाहायचं. जोर लावायचा नाही, जोरानं आतला कान दुखावतो. तीन-चारदा जमलं नाही तर त्या दिवशी डायव्ह नाही. पैसे गेले तर गेले. उतरण्याच्या आदल्या रात्री पाच-दहा वेळा घरीच करून बघा, ज्याला कोरड्यावर जमत नाही त्याला पाण्यात जमत नाही.

सर्दीची गोळी घेऊन उतरण्यात दुहेरी फसवणूक आहे. तिचा असर खालीच ओसरला तर वर येताना फुगणारी हवा कानातच कोंडते.

मास्क चेहऱ्याला चिकटून डोळे ओढल्यासारखे वाटले तर नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडा. बस्स, तेवढंच. म्हणूनच पोहण्याचा साधा गॉगल खाली चालत नाही, त्याला नाक नसतं.

खाली असताना : त्या टाकीत काय आहे

बातम्यांत दर वेळी "ऑक्सिजन सिलिंडर लावून" असं छापतात. चूक. टाकीत साधी हवा असते, ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, गाळून आणि दाबून भरलेली. आमच्या कारखान्यातली लाइन ७ बारची (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण), मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार, कुकरची शिट्टी एक बारला उडते. स्कूबाच्या टाकीत २०० बार. (त्या सातच बारचा नोझल गमतीनं कुणाच्या अंगाला लावल्यानं आतडी फाटून माणसं दगावली आहेत. हवेशी मस्करी नाही, हे आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.)

११ लिटरची टाकी, २०० बार, म्हणजे २२०० लिटर हवा, वजनात अडीच किलोच्या वर. ५० बार राखीव सोडली तर १६५० लिटर वापरायला. पाण्यावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर १० मीटरवर ४० लागते, कारण रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारा भाग, भोवतालच्या दाबाचीच हवा देतो. त्या हिशेबानं १० मीटरवर साधारण ४० मिनिटं, २० वर २७, ३० वर २० मिनिटं. घाबरलात की श्वास दुप्पट होतो आणि ही मिनिटं निम्मी. हवा वाचवायला श्वास रोखून धरणारे बहाद्दर असतात. त्यानं कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं आणि धाप आणखी वाढते. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर.

आयोजकाकडे गेलात की टाकी भरायचा कॉम्प्रेसर कुठे आहे ते बघा. हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून ठासून सांगतो. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा असतो, त्याला गाळण्या असतात आणि त्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात. हवा आत घेणारं तोंड डिझेल इंजिनाच्या धुराड्याशेजारी असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. पाण्यावर न जाणवणारं प्रमाण ३० मीटरवर चौपट असर करतं. टाकीचा वॉल्व्ह किंचित उघडून हवेचा वास घ्या. तेलकट, धुरकट, रबरी, कसलाही वास आला तर ती टाकी परत. मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, पण तो बहुतेकदा धुराच्या संगतीनं येतो.

पाच-दहा मीटरवर पुढचे दोन त्रास होत नाहीत, पण भाच्याला कोर्स करायचा आहे, म्हणून तेही.

नायट्रोजन एरवी निरुपद्रवी, पण ३० मीटरच्या आसपास तो चढायला लागतो. दोन पेग झाल्यासारखं : उगाच हसू, घड्याळाचा काटा दिसतो पण अर्थ लागत नाही, "आणखी थोडं खाली जाऊ या." दोष नायट्रोजनचा आहे हे अमेरिकी नौदलाच्या आल्बर्ट बेंकेनं १९३५ मध्ये सांगितलं. साधारणपणे जो वायू चरबीत जास्त विरघळतो तो जास्त गुंगी देतो. झेनॉन साध्या दाबालाच भूल देतो, हेलियम जवळजवळ देतच नाही. म्हणून फार खोल जाणारे हेलियम वापरतात. पण दीडशे मीटरच्या पलीकडे हात थरथरायला लागतात, तो दाबाचा थेट मज्जासंस्थेवरचा परिणाम. १९५० मध्ये एक मजेशीर प्रयोग झाला. अल्कोहोलनं निपचित पडलेली बेडकांची पिल्लं दीड-दोनशे वातावरण दाबाखाली ठेवल्यावर पुन्हा पोहू लागली. वायू गुंगी आणतो आणि नुसता दाब ती उतरवतो. हे दोन्ही एकमेकांविरुद्ध तोलून १९९२ मध्ये फ्रान्समध्ये एका पाणबुड्याला हायड्रोजनमिश्रित वायूवर, जमिनीवरच्या दाबकक्षातल्या प्रयोगात, ७०१ मीटर खोलीच्या दाबापर्यंत नेलं गेलं. नायट्रोजनच्या गुंगीवर आपला उपाय सोपा : चार-पाच मीटर वर या, डोकं ताबडतोब साफ होतं.

आणि ऑक्सिजन. ज्याशिवाय जगत नाही तोच दाबाखाली विष होतो, हेही पॉल बर्टनंच दाखवलं. ऑक्सिजनचा स्वतःचा दाब १.४ ते १.६ वातावरणाच्या वर गेला की फेफरं येऊ शकतं, आणि पाण्यात फेफरं म्हणजे तोंडातून रेग्युलेटर सुटणं. साध्या हवेवर ही १.४ ची रेघ ५६ मीटरवर येते, शुद्ध ऑक्सिजनवर मात्र ६ मीटरवरच १.६ गाठतो. टाकीत खरंच ऑक्सिजन भरला असता तर काय झालं असतं, ते बातमीदारांनी पाहावं. ३२ टक्के ऑक्सिजनचं 'नायट्रॉक्स' घेतलंत तर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही.

या विषयात स्वतःच्या अंगावर प्रयोग करणारा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. दाबाच्या ऑक्सिजनमध्ये आलेल्या झटक्यांनी त्याचे मणके चेपले होते, दाबाच्या प्रयोगांत कानाचे पडदे फाटले होते; त्या कानातून तंबाखूचा धूर काढता येतो, ही चारचौघांत दाखवायची कला आहे, असं तो सांगत असे.

वर येताना : इथे घाई नाही

बहुतेकांना भीती उतरण्याची वाटते. दुखापती मात्र खऱ्या अर्थानं वर येताना होतात.

श्वास कधीही, कोणत्याही कारणानं रोखायचा नाही. १० मीटरवर पाच लिटर हवा छातीत भरून तोंड बंद ठेवून वर आलात, तर ती हवा दहा लिटर व्हायला बघते आणि छाती काही दुप्पट होत नाही. फुफ्फुस फाटायला दहा मीटरही लागत नाहीत. पूर्ण भरलेल्या छातीनं एक-सव्वा मीटर वर येणंही पुरतं. म्हणजे तरणतलावातसुद्धा. तिथून हवा रक्तात शिरली तर मेंदूपर्यंत जाते. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी ओठांतून बारीक "आऽऽ" करत बुडबुडे सोडत राहायचं.

वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नाही. स्वतःच्या सर्वांत बारीक बुडबुड्यांना मागे टाकायचं नाही, ही जुनी खूण. कोर्सनंतरच्या डायव्हमध्ये ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा घ्यायचा, झाकण मध्येच थांबवून चुर्रर्र होऊ द्यायचं तसा. ही टप्प्याटप्प्यानं वर येण्याची पद्धत त्याच हाल्डेनच्या वडिलांनी, जॉन स्कॉट हाल्डेननं, १९०८ मध्ये बसवली. प्रयोग बकऱ्यांवर. सांधा दुखला की बकरी पुढचा पाय उचलून धरते, त्यावरून कळायचं.

मालवणच्या जेटीवर सकाळी मासळी उतरते तेव्हा नीट बघा. खोल पाण्यातून गळानं ओढलेल्या गोबऱ्याचे डोळे बाहेर आलेले असतात, तोंडातून फुग्यासारखं काहीतरी डोकावतं. ते त्याचं जठर. आतलं वाताशय, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी, फुगलं आणि त्यानं जठर बाहेर ढकललं. शेजारी पडलेल्या मुशीला यातलं काहीच झालेलं नसतं, तिला वाताशयच नाही. जिथे वायू नाही तिथे तक्रार नाही. वेडेल सील तर बुडी मारण्यापूर्वी श्वास सोडूनच देतो. खाली फुफ्फुसं चपटी होतात आणि नायट्रोजन रक्तात शिरायला जागाच उरत नाही. आपण मात्र खाली बसून दाबाची हवा घेत राहतो, म्हणून हा सगळा व्याप.

नंतरचा दिवस

भरपूर पाणी प्या. त्या संध्याकाळी दारू नको, गरम पाण्याची लांबलचक अंघोळ नको, जड सामान उचलणं नको. पुढचे २४ तास अंगावर लक्ष ठेवा. सांध्यात खोल ठणका, कातडीवर संगमरवरासारखे निळसर डाग, मुंग्या, बधिरपणा, चालताना झोक जाणं, लघवी न होणं, कारण नसताना प्रचंड थकवा, यातलं काहीही दिसलं तर "प्रवासानं अंग दुखतंय" म्हणू नका. आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन लावा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की हा डायव्ह करून आला आहे. उपचार पुन्हा दाबाखाली नेऊनच होतो, ऑक्सिजन देत, १८ मीटर खोलीइतक्या दाबाच्या कक्षात, काही तास. असा कक्ष सगळ्यांत जवळ कुठे आहे आणि बोटीवर ऑक्सिजन आहे का, हे दोन प्रश्न आयोजकाला पैसे देण्यापूर्वी विचारा. उत्तर देताना जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नका. पुन्हा पाण्यात उतरून "दाब देऊन" बरं करायचा गावठी उपाय कुणी सुचवला तर साफ नकार द्या.

भाच्यानं गोव्याचं परतीचं विमान एक दिवस पुढे ढकललं. थोडी कुरकुर केली, "मामा, पाच मीटरच्या डायव्हला कशाला?" पण ढकललं. त्या मोकळ्या दिवसासाठी आत्यानं लगेच यादी हातात दिली : आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी खाजा, आणि जमलं तर तो डोळे बाहेर आलेला मासा फोटोत.